जागा धरणारी

वर्गात रिसेप्टर शिकवायचा दिवस आला की मी पर्समध्ये एक मोठा चौकड्यांचा रुमाल घेऊन जाते. सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. पुस्तकातलं चित्र फळ्यावर काढायला घेतलं की मुलांच्या पापण्या जड व्हायला लागतात. पेशीच्या पातळ पडद्यातून सात वेळा आत-बाहेर टाके घातल्यासारखी गेलेली प्रथिनाची साखळी आणि तिच्या आतल्या बाजूला टेकून बसलेलं जी-प्रोटीन, हे सगळं खरं असलं तरी डबा खाऊन आलेल्या पोरांच्या डोक्यात ते शिरत नाही. मग मी रुमाल काढते आणि पहिल्या बाकावर टाकते.

“ही जागा कुणाची?”

“टाकणाऱ्याची!” सगळा वर्ग ओरडतो. झोपलेलेही ओरडतात.

हे त्यांना शिकवावं लागत नाही. विटा, तासगाव, शिराळा, जत, कुठून कुठून ती एस.टी.नं येतात. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, दप्तर, हाताला येईल ते सीटवर टाकायचं आणि मग दारातून सावकाश आत शिरून, बसलेल्या माणसाला ‘रुमाल दिसला न्हाई व्हय?’ म्हणून उठवायचं, हा आमच्याकडचा कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडला तर हातघाईवर प्रकरण जातं.

मग मी सांगते, पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे ती सीट. सीटच्या डोक्यावर कंडक्टरच्या घंटीची दोरी. भीतीत, आनंदात रक्तात उसळणारा अ‍ॅड्रेनलिन नावाचा प्रवासी येतो, बसतो आणि बसला की दोरी ओढतो. दोरी ओढली की पुढं केबिनमध्ये जी-प्रोटीन नावाचा ड्रायव्हर गाडी हाकायला लागतो. गाडी हृदयाची असेल तर ठोके वाढतात. आता त्या सीटवर आधीच रुमाल पडलाय. रुमालाला काही दोरी ओढता येत नाही, तो नुसता पडून असतो. पण तो आहे म्हणून दुसऱ्याला बसता येत नाही. अ‍ॅड्रेनलिन येतं, बघतं, पुढं सरकतं. घंटी वाजत नाही. ही झाली तुमची बीटा ब्लॉकरची गोळी. तिनं स्वतः काहीसुद्धा केलेलं नसतं. तिनं फक्त जागा धरलेली असते.

एखादा आटपाडीकडचा पोरगा उठून म्हणतो, “मॅडम, गर्दी लय झाली की लोक रुमाल उचलून फेकत्यात.” मी म्हणते, शाबास, याला परीक्षेत मार्क आहेत, प्रवासी फार झाले तर ते या जातीच्या गोळीला बाजूला सारतात. मग मी पुढची गंमत सांगते. खराब रस्त्यावर कुणी हात न लावताही घंटी आपोआप किणकिणत राहते की नाही? तसे काही रिसेप्टर कुणी न बसताही थोडे थोडे वाजत असतात आणि काही औषधं तर ती दोरीच घट्ट धरून ठेवतात. सर्दीच्या साध्या गोळ्या त्याच जातीच्या. आणि काही औषधं सीटवर बसतच नाहीत, शेजारच्या सीटवर असे पाय पसरून बसतात की तुमच्या सीटवर कुणाला नीट टेकताच येत नाही. इथं वर्ग हसतो, कारण तसा माणूस प्रत्येकाच्या गाडीत असतो.

मुलांना वाटतं, मॅडमनी लय डोकं चालवून हे उदाहरण काढलं. डोकंबिकं काही चालवलेलं नाही. रुमालाचं काम मी लहानपणी स्वतः केलंय.

माझे वडील साताऱ्याच्या डेपोत कंडक्टर होते. कंडक्टरच्या घरच्यांना पास मिळायचा, जागा मिळायची नाही. आईचं माहेर माण तालुक्यात, मामा मेंढरं राखायचे आणि पाऊस झालाच तर बाजरी करायचे. सुट्टी लागली की आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन स्टँडवर यायची. तिकडं जाणाऱ्या गाडीला ही झुंबड. आई आधी वडिलांचा मोठा चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत भिरकावायची आणि त्यावर विश्वास नाही म्हणून पाठोपाठ मला उचलून त्याच खिडकीतून आत ढकलायची. “थोरले, जागा धर!”

मी धरायचे. दोन सीटांवर आडवी पडायचे, बाप्ये अंगावर खेकसले तरी हलायचे नाही. मग आई ट्रंक आणि धाकटीला घेऊन दारातून यायची. एका सीटवर आई बसायची. खिडकीची सीट धाकटीची, कारण धाकटीला गाडी लागायची. मी उठायचे आणि मधल्या वाटेत ट्रंकेवर बसायचे. मळमळायचं मलाही, पण मी कधी ओकले नाही, तिथंच माझं चुकलं. ओकले असते तर निदान एकदा तरी खिडकी मिळाली असती.

धाकटीचा मला हेवा वाटायचा, आणि इतकी वर्षं नोकरी करून, केस पांढरे करून, पोरांना ज्ञान पाजूनही तो गेलेला नाही. लोक म्हणतात, वय झालं की असलं काही राहत नाही. त्या लोकांना धाकटी बहीण नसावी.

ती दिसायला माझ्यापेक्षा बरी, हे मी केव्हाच सोडून दिलंय. तिचं लग्न महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका गावात झालं. स्ट्रॉबेरीची शेती आणि घराच्या वर पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. मी शिकले, सांगलीला आले. माझा नवरा कुपवाडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. धाकटीकडं धुकं, लाल फळं, हौशी पाहुणे. माझ्याकडं डास आणि उत्तरपत्रिका. पण मला खरं दुखायचं ते याचं नाही. मला दुखायचं ते एवढंच की तिचं नाव निघालं की आईचा चेहरा उजळायचा, आणि माझं निघालं की आई म्हणायची, “तिचं काय, ती खंबीर हाय.”

वडील गेल्यावर आई साताऱ्यात एकटी राहायची. एक दिवस तिला बाजारातून येताना छातीत धडधडायला लागलं आणि ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. शेजारणीचा फोन आला, तशी मी गाडी करून गेले आणि तिला घेऊन आले. मिरजेच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा वेग मधेच पळतो म्हणाले आणि रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. गोळी बीटा ब्लॉकरचीच. आयुष्यभर फळ्यावर काढलेलं औषध आता माझ्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी आलं.

आई राहिली ती डॉक्टर मिरजेला आहेत म्हणून. माझ्याकडं राहायचं म्हणून राहिली नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तेच मला टोचत होतं. तिनं एकदा तरी, डॉक्टरचं नाव मधे न घेता, मला इथंच राहायचंय असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटेल. मला त्यापायी जेवण गोड लागत नव्हतं.

रोज सकाळी मी तिचं मनगट धरून नाडी बघायचे. ती मस्करी करायची. “काय म्हनतंय आमचं इंजान?” पहिल्या दिवसांत, गोळी अजून नीट लागू पडलेली नव्हती तेव्हाची गोष्ट. मी अशीच नाडी बघत होते आणि धाकटीचा फोन आला. नवऱ्यानं नुसतं सांगितलं, महाबळेश्वरचा फोन आहे. माझ्या बोटांखाली ठोक्यांनी उडी घेतली. फोन कानाला लागायच्या आत घेतली.

मी विज्ञानाची माणूस. मी प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, चपला काढल्या, “आई, आले गं” म्हणाले आणि लगेच तिचं मनगट धरलं. नाडी अशी संथ, की आत कुणी दुपारची झोप घेतंय. तिसऱ्या दिवशी हातात गरम जिलबी घेऊन आले. तरी तशीच.

मग गोळी लागू पडली. धाकटीचा फोन आला तरी बोटांखाली काही हलेना. मला आनंद झाला, आणि तो रोगी सुधारल्याचा आनंद नव्हता. आईच्या आणि धाकटीच्या मधे आता रोज सकाळी मी एक गोळी ठेवत होते. रुमाल माझा होता आणि या खेपेला तो मी कुणासाठी उचलणार नव्हते.

थंडीत धाकटी आली. जीपमधून स्ट्रॉबेरीची खोकी, गाजरं, मधाची बाटली, सगळं महाबळेश्वर उतरवून घेतलं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या सगळ्या बायकांना बोलावून तिनं एकेकीच्या हातावर स्ट्रॉबेरी ठेवली. “माझ्या धाकटीच्या शेतातली.” रोज सकाळी मी तिला ज्वारीची भाकरी भाजून देते, ती दाखवायला कधी कुणाला बोलावलेलं मी बघितलं नाही.

बायका गेल्यावर मी म्हटलं, आई, हात दे. डॉक्टरांनी सांगितलंय. नाडी धावत होती. चांगलीच धावत होती. मी पुन्हा बोटं टेकवून बघितली. धाकटी म्हणाली, “काय गं ताई, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही.

पण माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. सकाळची गोळी मी स्वतःच्या हातानं आईच्या तळहातावर ठेवली होती. मग हे कसं? मला पटकन वर्गातला तो पोरगा आठवला. गर्दी लय झाली की लोक रुमाल उचलून फेकत्यात. म्हणजे धाकटीला नुसतं बघून आईच्या रक्तात इतकं अ‍ॅड्रेनलिन उसळतं की डॉक्टरनी मोजूनमापून दिलेली गोळीसुद्धा बाजूला सरते! औषधाला पुरून उरणारी माया! आणि माझ्यासाठी तर गोळी लागू पडलेली नसतानाही तिथं कुणी फिरकलं नव्हतं. त्या दिवशी मी स्ट्रॉबेरी खाल्ली नाही. आंबट आहे म्हणाले. ती आंबट नव्हती.

पुढचे कित्येक दिवस मी या गर्दीच्या सिद्धान्तावर कुढत राहिले. डॉक्टरांना जाऊन विचारलंसुद्धा, डोस कमी पडतोय का. ते म्हणाले, नाडी तर चांगली आहे की. खरंच चांगली होती. धाकटी नसली की नेहमीच चांगली असायची.

नंतर संक्रांतीला धाकटी पुन्हा येऊन गेली, पुन्हा तेच झालं. ती गेल्यावर मी धुणं भिजवायला घेतलं. वडिलांचे ते चौकड्यांचे रुमाल आई अजून वापरते. कमरेला एक खोचलेला असतो. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती. सुपारी असेल म्हणून मी गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. घामानं कडा विरघळलेल्या, पण ओळखू येणाऱ्या. माझ्याच हातानं दिलेल्या.

मी रुमाल तसाच हातात घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. ती अंगणात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती.

“हे काय आहे?”

“काय आसनार, गोळ्या हायत.”

“मला दिसतंय ते. घेतल्या का नाहीस?”

तिनं सुपातला खडा शोधून टाकला. “आगं, ती गोळी घेतली की आत कायबी वाजत न्हाई. धाकटी येनार आसली की आदल्या दिसापास्नं मला आत धडधडतंय. ते धडधडल्याबिगर ती आल्यागत वाटत न्हाई बघ. म्हनून आदल्या दिवशीची आन त्या दिवशीची तेवडी ठेवती. बाकीच्या दिवशी घेती की.”

“बाकीच्या दिवशी घेतेस!”

“बाकीच्या दिवशी कोन येतंय?”

हे ती अगदी सहज म्हणाली. “मी येते ना. रोज संध्याकाळी येते.”

आई हसली. “तू येतीस व्हय! तू कुटं येतीस? तू तर आसतीसच की.”

माझा तोल गेला. मी नको ते बोलले. जीव गेला तरी चालेल पण धाकटीसाठी धडधड पाहिजे, असं काहीतरी ओरडले. रागात भीती किती होती आणि मत्सर किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. भीती खरी होती. ही गोळी एकदम बंद करायची नसते. मी तिच्यासमोर बसले आणि तोच रुमाल हातात धरून तिला समजावलं. बघ आई, या तुझ्या शरीरातल्या सीटा. गोळी म्हणजे रुमाल. रोज रुमाल पडलेला असला की शरीर काय समजतं? गाडीत जागा नाही, लोक खोळंबले. मग ते काय करतं?

“जादा गाड्या सोडतंय,” आई लगेच म्हणाली. कंडक्टरची बायको ती.

“बरोबर. जादा सीटा तयार करतं. आणि तू एक दिवस सगळे रुमाल उचलतेस. मग?”

तिचा हात सुपात थांबला. “समदी एकदम बसत्यात.”

“आणि सगळे एकदम घंटी ओढतात. ते हृदय बिचारं किती पळणार?”

ती माझ्यावरच डाफरली. “मंग हे आदी का न्हाई सांगितलंस? कवाबी बघावं तवा नुसतं गोळी घे, गोळी घे. पोरांस्नी शिकवतीस, आन आईला शिकवाय तोंड दुकतंय व्हय?”

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातची एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या वेळी धाकटी आली तेव्हा मी पुन्हा नाडी बघितली. संथ होती. मी जिंकले होते. आणि समोर काय चाललं होतं? आईनं धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गोळीनं छातीतली घंटी तेवढी बंद केली होती. बाकी सगळी गाडी सुरूच होती. इतकं शिकून, इतकं शिकवून मी कुठल्या भ्रमात होते, असं वाटून मला माझाच राग आला, आणि लगेच धाकटीचा जास्त आला. तो सवयीचा होता.

उन्हाळा लागला. सांगलीचा उन्हाळा काय असतो ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. धाकटी जीप घेऊन आली आणि जेवता जेवता म्हणाली, “ताई, आईला मी नेते. इथल्या उकाड्यात तिचं काय खरं नाही. डॉक्टरला अधूनमधून आणून दाखवीन.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“दिवस कशाला? राहू दे की तिकडंच.”

मी आईकडं बघितलं. तिनं काहीतरी म्हणावं. डॉक्टरचं तरी नाव घ्यावं. आई ताकाची वाटी तोंडाला लावत म्हणाली, “कवा निगायचं?”

मी रात्रीची भांडी घासताना एक पेला फोडला. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, पेलाच आहे.” त्याला ती गोष्ट पेल्याचीच वाटली.

सकाळी मी तिचं सामान भरलं. गोळ्यांची पाकिटं धाकटीच्या हातात दिली आणि रोज समोर उभी राहून दे म्हणून बजावलं. त्या दिवशीची गोळी मी स्वतः दिली. आईनं ती मुकाट तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि रिकामा तळहात मला उघडून दाखवला. मी तिला जीपपर्यंत सोडायला गेले नाही. गॅसवर दूध आहे असं सांगून आत राहिले. दूध केव्हाच तापलं होतं.

आईची खाट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. मी दारातून बघत होते. आई अंगणातून जीपकडं चालली होती. खिडकीपाशी थांबली, कमरेचा रुमाल सोडला, गजांतून हात घालून तो आत खाटेवर भिरकावला आणि पुढं चालू लागली. मला वाटलं, पडला. मी तो उचलून पळत बाहेर गेले.

“आई, रुमाल राहिला तुझा.”

“राहिला न्हाई. टाकलाय.” ती जीपमध्ये चढत होती. मी रुमाल पुढं केला तर तिनं घेतला नाही. “जागा धरलीय मी. ठेव जा तितंच. कुनाला बसू दिऊ नगंस.”

“तिकडं चाललीस ना कायमची?”

“कोन म्हनलं? ती म्हनली. मी म्हनले का?” मग ती जरा खाली वाकली आणि माझ्याकडं अशी बघत म्हणाली, जणू मी वर्गातली सगळ्यात ढ पोरगी. “आगं, लोकं रुमाल कुटल्या गाडीत टाकत्यात? ज्या गाडीनं घरी जायाचं, तिच्यातच न्हवं?”

धाकटी गाडी सुरू करत होती. इंजिनच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही, आणि मी ते तिला पुन्हा सांगितलं नाही. हे मला एकटीला मिळालेलं होतं.

मी रुमाल परत खाटेवर ठेवला. नवरा सवयीनं तिथं पेपर वाचायला बसायला गेला तर मी त्याला उठवलं. चादर बदलताना रुमाल उचलायचे आणि पुन्हा तसाच टाकायचे. पण मत्सराला काही औषध नसतं. काही दिवसांनी मला शंका आली, की आईला ही सवयच आहे. तिनं तिकडंही एखाद्या खाटेवर रुमाल टाकला असेल तर? मी फोनवर धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, आईचे रुमाल नीट धुतेस ना, कुठं ठेवते ती? धाकटी म्हणाली, “कमरेला. दुसरा दोरीवर. का गं?” मी म्हटलं, उगीच.

ठरलं होतं ते असं, की महाबळेश्वरला धो धो पाऊस सुरू व्हायच्या आधी आईला मिरजेला दाखवायला आणायचं. दाखवून झालं की परत न्यायचं, असं धाकटीचं म्हणणं. आईचं म्हणणं काय, ते आईनं तिला सांगितलेलं नव्हतं बहुतेक. निघायच्या दिवशी सकाळी मी खाटेवर धुतलेली चादर घालत होते, तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

“ताई, तूच बोल बाई आता हिच्याशी. गोळी घेईना झालीय.”

“का?”

“काय माहीत. काल पण घेतली म्हणाली आणि उशीखाली सापडली. मी ओरडले तर म्हणते, आज सांगलीला जायाचं हाय, आज गोळी नगं. गोळी घेतली की कायच वाजत न्हाई म्हणं. म्हणजे काय गं?”

मी खाटेवर बसले. रुमालाच्या बाजूला, रुमालावर नाही. फोनमध्ये मागून आईचा आवाज येत होता, एका दिसात काय जादा गाड्या सुटत न्हाईत म्हनावं तिला. माझ्या छातीत कुणीतरी दोरी ओढली होती आणि मी तर कुठलीच गोळी घेत नाही.

धाकटी थांबली. मग जरा वेगळ्याच आवाजात तिनं विचारलं, “ताई, ती माझ्याकडं यायला निघाली होती, त्या दिवशी तिनं गोळी घेतली होती?”

तो आवाज मी जन्मभर ओळखते. आजवर तो माझाच होता.

“घेतली होती,” मी म्हणाले. “मीच दिली.”

पलीकडं जीपचं दार उघडल्याचा आवाज आला, आई कुणालातरी लवकर चला म्हणत होती.

“दे तिला गोळी. आत्ता, समोर उभी राहून दे,” मी म्हणाले. पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला.